टेक्नोवर मनसोक्त नाचायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः बर्लिनमध्ये शिकायला, नोकरीला किंवा फिरायला गेलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. पुण्या-मुंबईहूनही जवळजवळ हेच प्रश्न येतात, म्हणून शेवटाकडे तिकडचंही लिहिलं आहे. टेक्नोवरचा नाच कुणाला दाखवायचा नसतो, त्यामुळे तो 'यावा' लागत नाही. तो तीन-चार तास टिकावा मात्र लागतो, कारण खरी मजा दुसऱ्या-तिसऱ्या तासात येते. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

टेक्नो म्हणजे नक्की काय? मोठ्या फेस्टिव्हलमध्ये वाजतं तेच ना?

नाही. फेस्टिव्हलच्या मुख्य मंचावर बहुधा गायन असतं, सूर चढत जातात, क्षणभर सगळं थांबतं आणि मग दणका बसतो. तीन-चार मिनिटांत हे चक्र पुन्हा सुरू. टेक्नोत गायन जवळजवळ नसतं. एक जाड ठोका दर मात्रेला पडत राहतो आणि त्याच्यावर बारीकसारीक आवाज हळूहळू बदलत जातात.

हे संगीत १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये घडलं. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ही तीन कृष्णवर्णीय पोरं जवळच्या बेलव्हिल गावात एका शाळेत होती. त्यांनी जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क' या बँडचं यंत्रसंगीत आणि अमेरिकन फंक एकत्र केलं. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाने 'टेक्नो' हे नाव रूढ झालं. पुढच्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली, शहराच्या पूर्व भागात मालक नसलेल्या इमारती ओस पडल्या होत्या, आणि मार्च १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीखोलीत 'ट्रेझोर' हा क्लब सुरू झाला. ती जागा २००५ मध्ये सुटली. २००७ पासून तो एका जुन्या वीजकेंद्रात आहे. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनची टेक्नो संस्कृती आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली.

शब्द नाहीत, मुखडा नाही. मग नाचायचं कशावर?

आधी कान तीन आवाजांवर लावा. पहिला किक, म्हणजे पोटात जाणवणारा जाड ठोका. चार मात्रांच्या आवर्तनात चारही मात्रांवर तो पडतो. दुसरा हाय-हॅट, दोन किकच्या बरोबर मधे येणारा 'त्स्' आवाज. तिसरा टाळीसारखा आवाज, जो बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. यांतले बरेच आवाज आजही रोलँड कंपनीच्या टीआर-९०९ या १९८३ सालच्या ड्रम मशीनचे किंवा त्याच्या नकला असतात.

आता लांब पल्ल्याचा हिशोब. संगीत साधारण ८, १६ किंवा ३२ आवर्तनांनी बदलतं. वेग १३० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १३० ठोके, असेल तर १६ आवर्तनांना जेमतेम ३० सेकंद लागतात. तेवढ्याने काहीतरी नवं येणार किंवा जुनं जाणार, याची शरीराला अर्ध्या-पाऊण तासात सवय होते. मग डीजेने खालचा, म्हणजे खर्जाचा, आवाज काढून घेतला की गर्दी थबकते, आणि किक परत येते तेव्हा सगळ्यांचे पाय एकाच क्षणी खाली येतात. हे मोजून करायचं नसतं. मोजलंत तर उलट चुकेल.

खालच्या आवाजाने शरीर का हलतं, यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू मैफलीत अतिखालच्या आवाजाचे स्पीकर अधूनमधून गुपचूप सुरू-बंद करण्यात आले. ते सुरू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते. तो आवाज इतका खालचा होता, की तो सुरू आहे की बंद हे बहुतेकांना ओळखता येत नव्हतं.

मला अजिबात नाचता येत नाही. सुरुवात कुठून करू?

गुडघ्यांपासून. हातांपासून सुरुवात करणारे दहा मिनिटांत अवघडतात.

उभं कसं राहायचं: पावलांत खांद्यांपेक्षा थोडं कमी अंतर, गुडघे किंचित सैल, वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला नुसत्या टेकलेल्या. खांदे खाली सोडा, जबडा सैल ठेवा. पहिली चार-पाच मिनिटं पाय न उचलता फक्त गुडघ्यांनी ठेका घ्या: किकवर खाली, हाय-हॅटवर वर. हालचाल दोन-तीन इंचांपेक्षा जास्त नको. बाहेरून हे काहीच वाटत नाही, आणि नेमकं तेच हवं आहे.

मग वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या, पण दर किकला नाही, दर दोन किकला. सगळ्यात उपयोगी युक्ती हीच. १३० चा वेग ऐकायला धावपळीचा वाटतो. निम्मा केला की मिनिटाला ६५ वेळा वजन बदलायचं, म्हणजे रमतगमत चालण्यापेक्षाही सावकाश. गुडघे मात्र दर किकला वाकत राहतात. वरचं शरीर निवांत आणि खालचं ठेक्यात, अशी घडी बसते.

त्यानंतर पाऊल. पहिल्या किकला उजवं पाऊल बाजूला टाका. दुसऱ्याला डावं त्याच्याजवळ आणून नुसतं टेकवा, त्यावर वजन देऊ नका. तिसऱ्याला तेच डावं डावीकडे, चौथ्याला उजवं जवळ. पाऊल एका फुटापेक्षा मोठं नको, गर्दीत तेवढीच जागा मिळते. चुकलात तर थांबा, गुडघ्यांवर परत या, पुढच्या आवर्तनात पुन्हा सुरू करा. कुणी बघत नसतं. धुरात आणि अंधारात तुमचे पाय दिसतही नाहीत.

हे तीन थर बसले की बाकीचं आपोआप सुचतं. कमरेतून थोडं वळणं, टाच उचलून चवड्यावर फिरणं, छाती हाय-हॅटला किंचित पुढे नेणं. एका वेळी एकच आवाज पकडा. जे कानावर येईल ते सगळं अंगात आणायला गेलात तर पाच मिनिटांत गोंधळ आणि दहा मिनिटांत दम, हे ठरलेलं.

हातांचं काय करू?

कोपरं वाकवून बरगड्यांच्या उंचीवर सोडा. पाय ठेक्यात असले की हात स्वतःहून झुलतात. त्यांना काम द्यायचंच असेल तर सर्वांत हळू बदलणारा आवाज द्या, म्हणजे लांबत जाणारा सूर किंवा घुमारा. मुठी घट्ट आवळल्या गेल्यात का ते अधूनमधून बघा. मुठी आवळल्या की खांदे कानांकडे चढतात, आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. हातात ग्लास असेल तर एक हात कायम अडकतो. प्यायचं असेल तेव्हा बारपाशी उभं राहून प्या.

मला फक्त गणपतीच्या मिरवणुकीतला नाच येतो. चालेल?

चालेल, पण तो अर्धा तासच पुरेल. मिरवणुकीत उड्या असतात, हात आकाशात असतात, पुढच्या चौकात पथक थांबलं की विश्रांतीही मिळते. टेक्नोत थांबण्याचा चौक येत नाही. १३० च्या वेगाने तासाला ७,८०० किक होतात. प्रत्येकीवर उडी मारायची म्हटलं तर पोटऱ्या दगाच देतील. वारीत टाळ-मृदंगावर खेळतात ती पावली टेक्नोला जास्त जवळची. पायाखालची हालचाल थोडी, तीच ती पुन्हा पुन्हा, आणि मैलोन्‌मैल चालणारी. ज्यांनी ती खेळली आहे त्यांना बर्लिनमध्ये काहीही शिकवावं लागत नाही.

तोंडात बोटं घालून शिट्टी मारायची मुभा आहे. पण किक परत आल्यावर. मधल्या शांततेत मारलीत तर सगळे वळून बघतील.

पंधरा मिनिटांत दम लागतो. लोक सहा-सहा तास कसे नाचतात?

ते सहा तास सलग नाचत नाहीत. अनुभवी लोक ४५ ते ६० मिनिटं नाचतात, दहा-पंधरा मिनिटं बसतात, पुन्हा जातात. बर्लिनच्या बऱ्याच क्लबांत सोफे, अंगण, वेगळ्या संगीताचा दुसरा फ्लोअर असं काही ना काही असतं, ते याचसाठी. बसलात म्हणजे हरलात असं इथे कुणी मानत नाही.

दम लागण्याची कारणं ठराविक असतात. पाय गरजेपेक्षा जास्त उंच उचलले जातात. गुडघे ताठ ठेवून टाचेवर उतरलं जातं, त्याने नडगीच्या पुढच्या भागात दुखायला लागतं. श्वास नकळत धरून ठेवला जातो. चार किकपर्यंत घ्या, चार किकपर्यंत सोडा, असं दोन मिनिटं केलं की सुटतो. आणि सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच सगळी ताकद संपवणं. सुरुवातीला तुम्हाला झेपेल त्याच्या निम्म्यानेच नाचा.

खाणं दोन-तीन तास आधी: वरण-भात, पोळी-भाजी, पास्ता, काहीही साधं. तळलेलं खाऊन गेलात तर पोट आडवं येतं. पाणी दर अर्ध्या तासाला एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. तासाला लिटरभर नुसतं पाणी पिऊ नका, रक्तातलं मीठ कमी होतं. पोटरीत गोळा आला तर बाजूला व्हा, पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा, अर्धा मिनिट धरा. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घरीच प्या, निघण्याआधी किंवा परतल्यावर. ती खिशात घालून क्लबच्या दारात जाऊ नका. पांढऱ्या भुकटीची पुडी झडतीत सापडली की पुढचं संभाषण फार लांबतं.

फ्लोअरवर कुठे उभं राहावं?

डीजेच्या समोर चिकटून तर नक्कीच नको. तिथे गर्दी सर्वाधिक असते आणि आवाज बरेचदा सर्वांत वाईट. स्पीकर साधारणपणे फ्लोअरच्या मध्यावर रोखलेले असतात. चार कोपऱ्यांत स्पीकरचे चार खांब असतील तर त्यांच्या मधोमध थोडं मागे ही उत्तम जागा.

किकचा पाया साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असतो. त्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ७ मीटर भरते. बंद खोलीत भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींशी मिळतात, त्यामुळे काही ठिकाणी खालचा आवाज फुगतो आणि काही ठिकाणी चक्क गायब होतो. कोपऱ्यात सगळं बोंबलल्यासारखं ऐकू येतं ते यामुळे. आवाज पोकळ वाटला तर दोन मीटर सरका, तेवढ्याने फरक कळतो. बर्लिनच्या प्रसिद्ध बेर्गहाइन क्लबच्या मुख्य दालनाची उंची सुमारे १८ मीटर आहे. ट्रेझोरचं तळघर बुटकं, धुराने भरलेलं. दोन्हीकडे तोच ट्रॅक वेगळा ऐकू येतो, आणि नाचही आपसूक वेगळा होतो.

आत शिरताना खांद्याने ढकलू नका. तळहात समोरच्याच्या खांद्याला हलका लावून बाजूने सरका. एकदा जागा धरली की बडबड बंद. बर्लिनमध्ये फ्लोअरच्या मधोमध उभं राहून गप्पा मारणं हा खरा असभ्यपणा समजला जातो. कपडे कमी असण्याला कुणी तसं म्हणत नाही. डीजेकडे तोंड करायचं बंधन नाही. डोळे मिटा, भिंतीकडे वळा, कसंही.

बूट आणि कपडे?

बूट आधी, कारण रात्र त्यांच्यावर ठरते. सपाट, घट्ट बांधता येणारे आणि आधी वापरलेले हवेत. नवे कोरे बूट घालून गेलात तर दोन तासांत टाचेला फोड. रनिंग शूज मऊ असतात, पण त्यांचा तळ फार पकड घेतो. सांडलेल्या बिअरने फरशी चिकट झाली की पाऊल तिथेच राहतं, शरीर वळतं आणि गुडघा पिळला जातो. म्हणून वळताना टाच आधी उचला. कोल्हापुरी चप्पल आणि सँडल घरी ठेवा. फरशीवर काचेचे तुकडे असू शकतात.

आत सुती किंवा पटकन वाळणारा बनियन-टीशर्ट. हिवाळ्यात बाहेर शून्याखाली आणि आत घामाच्या धारा, त्यामुळे जाड जॅकेट गार्डरोबमध्ये, म्हणजे कपडे ठेवायच्या काउंटरवर, द्या. तिथे थोडे सुटे युरो घेतात आणि क्रमांकाचा बिल्ला देतात. तो बिल्ला हरवला तर गर्दी ओसरेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा चेनच्या खिशात ठेवा. निघताना घालायला एक कोरडा टीशर्ट जॅकेटमध्येच असू द्या. घामेजल्या अंगाने थंडीत जाणं ही सर्दी-अंगदुखीला दिलेली हाक.

कानात बोळे घातले तर मजा जाते ना?

फोमचे स्वस्त बोळे घातले तर थोडी जाते, कारण ते वरचे आवाज जास्त खातात आणि सगळं घोंगडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. संगीतकारांसाठी मिळणारे बोळे आवाज सगळीकडून सारखाच कमी करतात. १५ ते २० डेसिबल कमी करणारी जोडी घ्या आणि किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवून ठेवा.

घालायचे का, ते आकड्यांत बघा. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मोजमापानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच सोसावा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि क्लबातला आवाज साधारण त्याच पातळीला असतो. जर्मन मानकात अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे. तरी चार तासांना ते फार होतं. १८ डेसिबल वजा केले की तुम्ही ८२ वर येता, मग रात्रभर नाचा.

फोमचे बोळे घालायची रीत: बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढा, आत सरकवा, अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. नुसते खुपसले तर निम्माही उपयोग होत नाही. विसरलात तर बारवर 'ओहरोपॅक्स' मागा, बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात. दुसऱ्या दिवशीही कानात शीळ वाजत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, 'जाईल आपोआप' म्हणत बसू नका.

दारातून परत पाठवतात म्हणे. काय करावं?

पाठवतात, आणि कारण सांगत नाहीत. हमखास आत जाण्याची युक्ती कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. शक्यता कमी करणाऱ्या गोष्टी मात्र सांगता येतात: सात-आठ मुलग्यांचा घोळका, रांगेत आरडाओरडा, आधीच झिंगलेलं असणं, आज कोण वाजवतंय हे माहीत नसणं. दोघा-तिघांनी जा. दारात विचारलं तर सरळ, थोडक्यात उत्तर द्या. 'नाही' म्हटलं तर 'डांके' (धन्यवाद) म्हणून निघा. हुज्जत घालून आजवर कुणी आत गेलेलं नाही. मात्र वर्ण किंवा वंशामुळे प्रवेश नाकारणं जर्मनीच्या २००६ च्या समान वागणूक कायद्यात बसत नाही. तसा स्पष्ट अनुभव आला तर वेळ, तारीख आणि साक्षीदार लिहून ठेवा, भेदभावविरोधी सल्ला केंद्रं मदत करतात.

पासपोर्ट किंवा निवास परवान्याचं मूळ कार्ड न्या, फोनमधला फोटो चालत नाही. रोख पैसे न्या. प्रवेशाला मोठ्या क्लबांत साधारण २० ते ३० युरो. बाटली-ग्लासवर डिपॉझिट घेतात, ते परत केल्यावर मिळतं.

आणि वेळ. बेर्गहाइनची आठवड्याअखेरची पार्टी शनिवारी रात्री सुरू होऊन सोमवारी सकाळपर्यंत चालते. जागरण झेपत नसेल तर शनिवारी झोपा, रविवारी नाश्ता करून अकरा-बाराला जा. ताजे पाय, दारू न चढलेलं डोकं, बरी हवा. आमच्या मते हीच सर्वांत चांगली वेळ. पश्चिम बर्लिनने बंद करण्याच्या वेळेचं बंधन १९४९ मध्येच काढून टाकलं, म्हणून हे शक्य होतं. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मेट्रो रात्रभर धावते, इतर रात्री बस बघावी लागते. जाण्याआधी क्लब अजून सुरू आहे ना, हेही तपासा: नदीकाठचा 'वॉटरगेट' २००२ पासून होता, तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला.

फोन?

दारातच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. काढलात तर बाहेर. यात कडकपणापेक्षा सोय जास्त आहे: आपण उद्या कुणाच्या स्टेटसवर दिसणार नाही, हे पक्कं ठाऊक असलं की अंग सैल सुटतं. भारतातल्या ज्या क्लबांत असा नियम नाही तिथे स्वतःपुरता पाळून बघा, फरक पहिल्याच तासात कळेल.

मुलीने एकटीने गेलं तर चालतं का?

बर्लिनमध्ये खूप जणी एकट्या जातात, आणि एकटं नाचणाऱ्याकडे कुणी कीव करून बघत नाही. उलट ज्यांना खरंच नाचायचं असतं ते बरेचदा एकटेच येतात. मित्रमंडळींची शोधाशोध आणि 'चल ना बाहेर' यातून सुटका होते.

कुणी फार जवळ येत असेल तर आधी पाठ करून दोन पावलं सरका. तरी थांबला नाही तर मोठ्याने 'नाइन' (नाही). तरीही नाहीच, तर बार किंवा दारावरच्या माणसाला सांगा. अनेक क्लबांत 'अवेअरनेस टीम' असते, फ्लोअरवर फिरणारी, ओळखू येईल असा पट्टा किंवा जाकीट घातलेली. तक्रार आली की त्या माणसाला बाहेर काढतात, पुरावा मागत बसत नाहीत. मुलग्यांसाठी नियम सोपा आहे: नजरेला नजर मिळून हसू आलं तरी त्याचा अर्थ फक्त 'संगीत भारी आहे' एवढाच. स्पर्श विचारल्याशिवाय नाही.

दारू किंवा ड्रग्जशिवाय ही मजा येते का?

येते. नाचाचा तोल, ठेका आणि सहनशक्ती तिन्ही दारूने कमी होतात. दोन बिअरनंतर पाय जड पडतात ते उगाच नाही. 'क्लुब-माटे' नावाचं कॅफिनयुक्त पेय बर्लिनमध्ये सर्रास चालतं, पण पहाटे चारनंतर प्यायलात तर दुपारी झोप विसरा.

एमडीएमएसारखे ड्रग्ज बाळगणं जर्मनीत आणि भारतात दोन्हीकडे गुन्हा आहे. भारतात १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा लागतो. पण शेजारी कुणी घेतलेलं असू शकतं, म्हणून हे ठाऊक असावं. एमडीएमएने (म्हणजे 'एक्स्टसी'ने) शरीराचं तापमान वाढतं आणि तहान-थकवा कळेनासा होतो. जीएचबी हे गुंगीचं द्रव्य दारूबरोबर घेतलं तर श्वास थांबू शकतो. कुणी तापलंय, बरळतंय, किंवा घोरल्यासारखा आवाज करत बेशुद्ध पडलंय असं दिसलं तर 'झोपू द्या' म्हणू नका. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा, ११२ लावा. हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो. काय घेतलं ते रुग्णवाहिकेतल्या लोकांना खरं सांगा. स्वतःचा ग्लास नजरेआड गेला तर तो सोडून नवा घ्या.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो.

फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, स्ट्रोबमुळे झटका येऊ शकतो. नुसता त्रास होत असेल तर दिव्यांकडे पाठ करा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि बाहेर पडा. दोन्ही पापण्या नुसत्या मिटून भागत नाही, प्रकाश त्यातून आत येतोच.

गेलो, तासभर उभा राहिलो, काहीच वाटलं नाही. माझंच काही चुकतंय का?

बहुधा वेळ कमी पडला. पुनरावृत्ती पहिल्या वीस मिनिटांत कंटाळवाणी वाटते, हे सगळ्यांचं होतं. मेंदू पुढे काय होणार याची वाट बघत असतो आणि काहीच होत नाही. त्या टप्प्यावर लोक फोन काढतात किंवा बारकडे जातात, आणि घडी मोडते. तिथे आणखी अर्धा तास गुडघ्यांवर राहा. वाट बघणं थांबलं की आधी न ऐकू आलेले बारीक आवाज ऐकू यायला लागतात, आणि शरीर त्यांना परस्पर उत्तर देतं. 'आता हात कुठे ठेवू' हा विचार कधी गेला ते कळतही नाही.

तरीही नाही, तर संगीत बदला. १४५ च्या पुढचं कडक टेक्नो पहिल्या खेपेला झेपत नाही. १२५ ते १३२ च्या आसपासचं, थोडं सुरेल वाजवणारी रात्र निवडा, किंवा वरच्या मजल्यावर हाउस, म्हणजे टेक्नोचं मवाळ भावंड, वाजत असेल तिथे जा; बेर्गहाइनमध्ये 'पॅनोरामा बार' तोच. इतकं करूनही नाही आवडलं तर नाही आवडलं. नाट्यसंगीतही सगळ्यांना कुठे आवडतं?

घरी सराव करता येईल?

दिवा बंद, हेडफोन, अनवाणी न राहता तेच बूट, आणि डीजेचा सलग तासाभराचा सेट. सुटी गाणी लावू नका. आरसा झाका. खाली कुणी राहत असेल तर दुपारची वेळ धरा. बर्लिनच्या जुन्या लाकडी जमिनीवर पाऊलठोके खालच्या घरात थेट जातात, आणि रात्री दहानंतर शेजारी घंटी वाजवतातच.

पुणे, मुंबई, गोव्यात हे मिळतं का?

मिळतं, पण वेळेचं गणित वेगळं. मुंबई-पुण्यात बार साधारण रात्री दीडला आटोपतात, त्यामुळे मोठी वाटचाल शक्य नसते. 'बाराला जाऊ' ही बर्लिनची सवय इथे कामाची नाही. साडेनऊ-दहाला पोहोचा, तेव्हा फ्लोअर मोकळा असतो आणि पहिला डीजे बरेचदा सर्वांत चांगलं वाजवतो. महाराष्ट्रात दारूसाठी वय २५, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ पूर्ण लागतं.

गोव्याची परंपरा टेक्नोची कमी, ट्रान्स या दुसऱ्या नृत्यसंगीताची जास्त. हणजूण-वागातोरच्या सायट्रान्सचा वेग बहुधा १४० च्या पुढे असतो आणि दोन किकमधली जागा खर्जाने भरलेली असते, त्यामुळे तिथे वजन निम्म्या वेगाने बदलण्याची युक्ती आणखी उपयोगी पडते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला देशभर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, म्हणून उघड्यावरच्या पार्ट्या दुपारी सुरू होतात. टोपी न्या, मातीवर पाऊल अडतं म्हणून पावलं आणखी छोटी ठेवा.

मुंबईचा या सगळ्याशी एक जुना धागाही आहे. हिंदी चित्रपटांसाठी वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती नव्याने निघाली आणि युरोपातले लोक चकित झाले, कारण शिकागोत त्याच टीबी-३०३ वर जे अ‍ॅसिड हाउस पुढे घडलं त्याच्याशी तिचं विलक्षण साम्य आहे.

वय पन्नाशीकडे आलंय, उजवा गुडघा कुरकुरतो. जाऊ का?

जरूर. बर्लिनच्या फ्लोअरवर पन्नाशी-साठीतले लोक नेहमीचे आहेत. भिंत पडली तेव्हा विशीत होते तेच हे. रविवारी दुपारी जा. उड्या आणि चवड्यावरची गिरकी टाळा, पाऊल अर्ध्या फुटावर आणा, वजन दुखऱ्या पायावर कमी वेळ ठेवा. गुडघ्याला पट्टा बांधणार असाल तर आधी घरी तासभर बांधून बघा, घामाने तो खाली सरकतो. दर अर्ध्या तासाला बसा. नाचून आल्यावर गुडघा सुजला तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं लावा, आणि दोन दिवसांत सूज उतरली नाही तर अस्थितज्ज्ञांना दाखवा.